बेळगाव ते सॅन फ्रान्सिस्को : एका कुटुंबाच्या मार्गनिवडीचं प्रकरण

खानापूर तालुक्यातल्या एका गावातलं हे कुटुंब. वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेली. आईंचं वय अडुसष्ट, गुडघे दुखरे, साखरेच्या गोळ्या चालू. मुलगी लग्नानंतर सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते. एप्रिल २०२४ मध्ये तिचं पहिलं बाळंतपण होतं आणि दोघांनी मार्चअखेर तिकडं जायचं ठरलं होतं. व्हिसा हातात होता, रजेचा प्रश्न नव्हता, पैशाची सोय जावयांनी केली होती. सगळं अडलं होतं ते एकाच गोष्टीवर : जायचं कुठून?

घरात तीन तट पडले होते. थोरला मुलगा बंगळूरला नोकरीला, त्याचं म्हणणं, ‘बंगळूरला या, मी विमानात बसवून देतो, तिथून थेट विमान आहे.’ मामा मुंबईत. त्यांचं म्हणणं, परदेशी जायचं तर मुंबईच. पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं तिथूनच गेली. जावयांनी दिल्लीचं तिकीट सुचवलं होतं, पण ते घरात कुणालाच पटत नव्हतं. अमेरिका पश्चिमेला, आणि आपण आधी दीड हजार किलोमीटर उत्तरेला जायचं? हा उलटा फेरा कशाला? चौथा एक प्रस्ताव तिकीट काढून देणाऱ्या एजंटाचा होता : फ्रँकफर्टमार्गे, मध्ये उतरायला मिळेल म्हणून.

सीमाभागातल्या घरांत असे तट पडतातच, आणि त्यामागं नुसता हट्ट नसतो. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून आमचे कागद बंगळूरकडं जातात आणि नातीगोती कोल्हापूर-पुणे-मुंबईकडं. मोठ्या प्रवासाचा विषय निघाला की एक पाय इकडं, एक पाय तिकडं. दिल्ली या दोन्हींत कुठंच बसत नाही, म्हणून तिचा विचारही होत नाही.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. मुलगी माझी विद्यार्थिनी, त्यामुळं सुभेदारांनी मला बोलावलं. तिकिटाचे दर काय, सामान किती नेता येतं, हे त्यांना विचारायचं नव्हतं. त्यांचा प्रश्न साधा होता : ‘सर, जवळचा रस्ता कुठला ते सांगा. हिला जितकं कमी बसावं लागंल तितकं बरं.’

आधी दिशा

मी त्यांना अंगणात उभं करून विचारलं, अमेरिका कुठल्या बाजूला? त्यांनी क्षणाचाही विचार न करता घाटाकडं, गोव्याच्या बाजूला हात केला. इकडं कुणालाही विचारा, हात तिकडंच जातो. समुद्र तिकडं, जहाजं तिकडून गेली, शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या टोकाला. त्या नकाशावर पट्टी ठेवून बेळगावपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत रेघ ओढली, तर ती अरबस्तान, सहारा, अटलांटिक महासागर आणि मग अख्खी अमेरिका ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला जाते. दिसायला अगदी सरळ. होकायंत्राचा काटा एकाच अंशावर धरून पश्चिमेकडं चालत राहिलात तर साधारण अशाच वाटेनं जाल, आणि ते अंतर भरतं सुमारे १९,५०० किलोमीटर.

प्रत्यक्षात सर्वांत जवळच्या वाटेनं निघायचं तर बेळगावातून तोंड करायचं उत्तरेला, उत्तरेच्याही जरा पूर्वेकडं, सोळा अंश. म्हणजे चिकोडी आणि रायबाग यांच्या मधून. सुभेदारांनी फौजेत प्रिझमॅटिक कंपास वापरलेला. ‘बेअरिंग सोळा’ म्हटल्यावर त्यांना पुढं काही समजावून सांगावं लागलं नाही, पण विश्वास बसेना. ‘रायबागच्या अंगाला अमेरिका?’

विश्वास बसायला पृथ्वीगोल लागतो. शाळेतला तीस सेंटिमीटर व्यासाचा गोल मी घरी नेला होता. शिवणाचा दोरा घेऊन एक टोक बेळगाववर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणला. ताणलेला दोरा गोलावर आपोआप सर्वांत आखूड वाट पकडतो. या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात : पृथ्वीचे बरोब्बर दोन समान भाग करणारं वर्तुळ, आणि त्यावरचा आपल्याला हवा तेवढा तुकडा. दोरा भरला साडेबत्तीस सेंटिमीटर. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणून हिशेब येतो १३,८०० किलोमीटर. अक्षांश-रेखांश घालून सूत्रानं काढलं तरी तेवढंच येतं. भिंतीवरच्या नकाशावरच्या रेघेपेक्षा साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त कमी.

दोरा कुठून गेला, हे आई फार लक्ष देऊन बघत होत्या. बेळगावहून निघून दिल्लीच्या थोडं पूर्वेकडून, उत्तराखंडात हिमालय ओलांडून, चीनच्या वाळवंटी भागावरून, अल्ताई पर्वतावरून सैबेरियात. तिथं लेना नदी जिथं उत्तर ध्रुवीय समुद्राला मिळते त्या मुखाजवळून समुद्रावर. मग ७४ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून पलीकडं अलास्कात फेअरबँक्सजवळून खाली, आणि शेवटी पॅसिफिकच्या काठाकाठानं सॅन फ्रान्सिस्को. यात कुठंही अरबस्तान नाही, युरोप नाही, अटलांटिक नाही.

भिंतीवरचा नकाशा इतका का फसवतो, हे सांगणं मला शिक्षक म्हणून गरजेचं वाटतं, कारण हा नकाशा आपण प्रत्येक वर्गात लावतो आणि पृथ्वीगोल मात्र कपाटात ठेवतो. विषुववृत्तावर दोन रेखांशांमधलं अंतर १११ किलोमीटर असतं. बेळगावच्या अक्षांशावर ते १०७ होतं, सॅन फ्रान्सिस्कोच्या अक्षांशावर ८८, साठ अंशांवर जेमतेम ५६, आणि ध्रुवावर शून्य. सपाट नकाशात मात्र सगळे रेखांश एकमेकांपासून सारख्याच अंतरावर काढलेले. सैबेरिया आणि अलास्का तिथं अवाढव्य पसरतात. म्हणून उत्तरेकडून जाणारी वाट लांबची भासते. जिथं पृथ्वी खरोखर आखडलेली आहे तिथंच नकाशा ती ताणून दाखवतो.

मग अंतरं

आता घरातले चारही प्रस्ताव त्याच मापानं मोजले.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्ली १,४३५ किलोमीटर, दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज १३,८१५. म्हणजे बेळगावहून पाखरासारखं थेट उडत गेलं असतं तर जेवढं अंतर पडलं असतं, त्याहून फक्त दहा-पंधरा किलोमीटर जास्त. सांबऱ्याहून खानापूरला जायला याहून जास्त पडतं. दिल्ली बेळगावच्या वाटेवरच बसलेली आहे. घरातले सगळे ज्याला उलटा फेरा म्हणत होते, त्यात फेरा नव्हताच.

मुंबई : ४०० अधिक १३,५१०, म्हणजे सुमारे १३,९१०. हीही जवळजवळ तेवढीच. बंगळूर : आधी ४४५ किलोमीटर आग्नेयेला, वाटेपासून दूर, आणि तिथून जवळजवळ १३,९९०, बेरीज १४,४३० च्या पुढं. फ्रँकफर्टमार्गे बंगळूरहून गेलं तर १७,००० च्या घरात. दुबईमार्गे मुंबईहून १५,३०० च्या पुढं. सिंगापूरचं नाव शेजाऱ्यांनी काढलं म्हणून तेही मोजलं. ते सगळ्यांत लांब, १७,२०० किलोमीटर.

इथं मी सुभेदारांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली. दिल्ली आणि बंगळूर यांच्यात फरक आहे सहाशे किलोमीटरचा. विमान ताशी नऊशेच्या वेगानं जातं, म्हणजे चाळीस मिनिटं. तेवढ्यासाठी मुलाचं मन मोडायचं कारण नाही. फ्रँकफर्टचा फरक मात्र तीन हजार किलोमीटरचा; तो उड्डाणाचे साडेतीन तास आणि विमानतळावर बसून काढायचा वेळ असा दोन्हीकडून पडतो. अंतराचा उपयोग मला एवढाच वाटतो : जे खरंच लांब आहे ते बाजूला काढायचं, आणि जे सारखं आहे त्यात दुसऱ्या कारणांनी निवड करायची. घरात भांडण चाललं होतं ते चुकीच्या मापावर. दिल्ली चर्चेतच येत नव्हती, आणि फ्रँकफर्ट ‘वाटेवरचं’ म्हणून चर्चेत होतं.

विमान दोऱ्यावरून का जात नाही

एवढं झाल्यावर सुभेदारांनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. ‘मग विमान या दोऱ्यावरूनच जाणार का?’ फौजेतला माणूस. नकाशावरची रेघ आणि जमिनीवरची वाट यांतला फरक त्याला माहीत.

उत्तर, नाही. पहिली अडचण दिल्ली सोडल्यावर लगेचच. दोरा हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जातो. विमानातला हवेचा दाब काही कारणानं गेला, तर वैमानिकाला विमान पटकन तीन हजार मीटरच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या डोक्यावरून लोंबणाऱ्या मुखवट्यांतला प्राणवायू थोड्याच मिनिटांचा असतो. तिबेटची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटरच्या वर. खाली यायला जागाच नाही. म्हणून विमानं एक तर पश्चिमेकडून, अफगाणिस्तान-कझाकस्तानच्या बाजूनं वळसा घालतात, नाही तर पूर्वेकडून, म्यानमार-चीनच्या बाजूनं.

दुसरी अडचण वाऱ्याची, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर मध्यम अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहणारे जोरदार जेट वारे असतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास ते ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटरच्याही वर जातात. विमानाचा वेग हवेच्या मानानं ठरलेला असतो. हवाच पाठीमागून ढकलत असेल तर जमिनीवरचं अंतर लवकर कापलं जातं, समोरून येत असेल तर विमान रखडतं. याचा उत्तम दाखला २०१६च्या ऑक्टोबरमधला आहे. एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून नेण्याऐवजी पॅसिफिकवरून नेलं. जुनी वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, नवी सुमारे १५,३००. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी विमान साडेचौदा तासांत उतरलं, आधीपेक्षा दोनेक तास लवकर. पाठीवरच्या वाऱ्यानं ते चौदाशे किलोमीटर भरून काढले आणि वर इंधनही वाचवलं.

परतीला हाच वारा तोंडावर येतो, म्हणून परतीची विमानं उत्तरेला ध्रुवाकडं सरकतात, जिथं वारा कमी. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला पहिलं थेट विमान आलं ते असंच, उत्तर ध्रुवावरून. कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या आणि कॅप्टन झोया अगरवाल प्रमुख. ९ तारखेला रात्री निघालेलं विमान सतरा तास उडून ११ तारखेला पहाटे बंगळूरला उतरलं. मुलगी त्या दिवसांत आमच्याशी फोनवर ते किती आनंदानं बोलली होती, आईंना अजून आठवतं.

म्हणून मी दोघांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवलं : जाताना समोरच्या पडद्यावर विमान पूर्वेकडं चाललेलं दिसेल, येताना उत्तरेकडून आल्याचं दिसेल. दोन्ही बरोबरच. किलोमीटर गोलावर मोजायचे, पण वेळ वाऱ्यावर ठरते.

निवड

दिल्ली, मुंबई, बंगळूर तिन्ही अंतरानं जवळपास सारखी ठरली, तेव्हा बाकीच्या गोष्टींना वजन आलं. त्या वेळी दिल्लीहून थेट विमान रोज होतं. मुंबई आणि बंगळूरहून आठवड्यातले काहीच दिवस. बाळंतपण चार दिवस अलीकडं-पलीकडं होणार, आणि त्यात तारीख बदलायची वेळ आली तर रोजचं विमान हाच आधार. सांबऱ्याहून दिल्लीचं विमान सरळ नेऊन सोडत होतं. बंगळूरला जायचं तर एक तर विमान, नाही तर राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून पुढं देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंत शहर ओलांडत जायचं. दुखऱ्या गुडघ्यांना हा भाग मला नको वाटत होता.

एक गोष्ट मात्र खरोखर दिल्लीच्या विरुद्ध होती. सोळा तास एका जागी. बेळगावच्या डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी गुडघ्यांपेक्षा पायांतल्या रक्ताच्या गुठळीची काळजी जास्त व्यक्त केली. फ्रँकफर्टला उतरून चालणं चांगलं, हे एजंटाचं म्हणणं त्यामुळं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि मी तसं घरात बोललोही. पण फ्रँकफर्टमार्गे गेलं तरी नऊ-दहा तासांची आणि अकरा तासांची अशा दोन बैठका होत्याच, वर परक्या विमानतळावर अनोळखी भाषेत दारं शोधायची. डॉक्टरांनी थेट विमानाला परवानगी दिली ती अटी घालून : वाटेच्या कडेची जागा, दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या भागापर्यंत फेरी, बसल्या जागी घोट्यांचा व्यायाम, पायांना दाबाचे मोजे, पाणी भरपूर, आणि गोळ्यांच्या वेळा घड्याळ न बदलता भारतीय वेळेनंच सांभाळायच्या, तिथं पोचल्यावर तिथल्या डॉक्टरांना विचारून बदलायच्या. आईंनी अटी वहीत लिहून घेतल्या.

दिल्लीत एक रात्र मुक्काम ठरला. इथं थोडं अडून बसावं लागलं, कारण थोरल्याला त्याच दिवशीचं जोडविमान हवं होतं. सांबरा ते दिल्ली आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को ही दोन वेगळी तिकिटं होती. वेगळ्या तिकिटांत पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं थांबत नाही, पैसेही जातात, आणि सामान स्वतः उतरवून पुन्हा जमा करावं लागतं. सुभेदारांचे पलटणीतले एक जुने सोबती दिल्ली छावणीजवळ राहतात. त्यांच्याकडं उतरायचं ठरलं आणि आईंचा चेहरा खुलला. चाकाच्या खुर्चीची नोंद तिकिटाबरोबरच केली. ती विमानतळावर गेल्यावर मागता येते, पण आधी नोंद असली तर माणूस दारात उभा असतो. माझ्या मते साठी ओलांडलेल्या कुणीही यात संकोच करू नये. दिल्लीतली चाल गुडघे दुखावण्याइतकी लांब आहे.

थोरल्यानं मग आपला हट्ट स्वतःच सोडला. तो दिल्लीपर्यंत सोबत गेला.

काय घडलं

विमान पहाटे दिल्लीहून सुटलं. पडद्यावरचा नकाशा सुभेदारांनी झोप सोडून पाहिला, हे त्यांनी मला नंतर अभिमानानं सांगितलं. बंगाल, चीन, जपानच्या आसपास आल्यावर विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी हजार किलोमीटरच्या वर गेलेला त्यांनी पाहिला, आणि ‘वारा लागला’ म्हणून आईंना उठवलं. पॅसिफिकवर मध्यावर, जिथं तारीख बदलते ती, आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली. म्हणून भारतात संध्याकाळ झाली असताना ते दोघे तिथं त्याच तारखेच्या सकाळी उतरले. मार्चअखेर तिकडं उन्हाळी वेळ असते, तेव्हा आपण साडेबारा तास पुढं. गावाकडं धाकट्या सुनेनं दिवाबत्ती केली आणि तेवढ्यात फोन आला की पोचलो, इथं आत्ताच उजाडलंय.

आईंच्या पायांना सूज आली, दुसऱ्या दिवशी उतरली. झोपेचा घोळ आठवडाभर राहिला. नातीचा जन्म ठरलेल्या तारखेच्या आधीच झाला. दिल्लीत रोजचं विमान असण्याचा फायदा घेण्याची वेळ आली नाही, पण ते असल्यामुळं घरचे निर्धास्त होते. ऑगस्टअखेर, गणपतीच्या आत, दोघे परतले. परतीला विमान अलास्कावरून उत्तर ध्रुवीय समुद्राकडं, मग रशिया, कझाकस्तान असं आलं आणि जाण्यापेक्षा वेळ जास्त लागला. सुभेदार मला भेटायला आले ते मुलीनं काढलेले पडद्याचे फोटो घेऊन. त्यातला लेना नदीच्या मुखाजवळचा फोटो त्यांनी दोऱ्याशी ताडून पाहिला.

पुढं झालेला बदल

या प्रकरणाची बातमी नात्यागोत्यांत पसरली आणि २०२५ मध्ये निपाणीच्या एका कुटुंबानं तसाच सल्ला मागितला. त्यांचा मुलगाही सॅन फ्रान्सिस्कोकडंच. जुनं उत्तर जसंच्या तसं देणं बरोबर नव्हतं. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. दिल्लीहून पश्चिमेला निघणाऱ्या आणि पश्चिमेकडून दिल्लीला येणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून अरबी समुद्रावरून वळसा पडू लागला, आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. गोलावर दिल्ली आजही बेळगावच्या वाटेवरच आहे. पूर्वेकडून, पॅसिफिकवरून जाणाऱ्या विमानाला या बंदीचा तसा त्रास नव्हता. त्रास होता तो कझाकस्तानकडून येणाऱ्या परतीच्या वाटेला. निपाणीहून हमरस्त्यानं पुणे-मुंबई सोपी पडते, आणि मुंबईला जाणाऱ्या विमानाला हा वळसा दिल्लीइतका बाधत नव्हता.

त्यांना मी जाताना दिल्ली आणि येताना मुंबई अशी दोन वेगळी टोकं सुचवली. एजंटानं दोन्ही बाजूंचं एकत्र तिकीट काढून दिलं, आणि परतीच्या दिवशी घरच्यांनी निपाणीहून गाडी थेट मुंबईच्या विमानतळावर पाठवली.